मेलबर्न गाजवणारा कंपनीचा खेळाडू : नेव्हिल डिसोझा

ऑलिंपिकच्या फुटबॉल सामन्यात एकट्याने तीन गोल करणारा आशिया खंडातील पहिला खेळाडू कोण? हा प्रश्न आम्ही ताथवड्यातील मुलांना विचारून पाहिला. कोणी जपान म्हणाले, कोणी कोरिया, एकाने इराणचे नाव घेतले. बरोबर उत्तर आपल्या मुंबईचे आहे. नेव्हिल डिसोझा हा तो खेळाडू. दिवस होता १ डिसेंबर १९५६, शहर मेलबर्न आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या पट्ट्यातील कितीतरी घरांत बाप चाकणला जर्मन कंपनीच्या गाड्यांवर काम करतो आणि मुलगा फुटपाथवरून घेतलेला जर्मनीच्या संघाचा पांढरा टी-शर्ट घालून फिरतो. त्याला जर्मनीच्या आघाडीच्या खेळाडूंची नावे तोंडपाठ असतात. टीव्हीवर तेच दिसतात, म्हणून तेच त्याला माहीत. पण मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या एका खेळाडूने सत्तर वर्षांपूर्वी जगाच्या व्यासपीठावर काय करून दाखवले, हेही त्याला कोणीतरी सांगायला हवे. शाळेच्या पुस्तकात ते नाही. तेव्हा आपल्या या कौटुंबिक पानावर आम्ही ते सांगतो. शेवटी जर्मनीकडेही वळू, कारण तिथल्या खेळाडूंची गोष्ट आपल्या कामगार वस्त्यांना वाटते तेवढी परकी नाही.

गोव्याचे घर, मुंबईचे मैदान

नेव्हिलचा जन्म १९३२ सालचा, गोमंतकीय कुटुंबातला. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथे पोटापुरते काम मिळत नसे, म्हणून हजारो गोवेकर मुंबईला येत. कोणी बोटीवर, कोणी रेल्वेत, कोणी हॉटेलात, कोणी बँडमध्ये, तर थोडे शिकलेले कचेऱ्यांत कामाला लागत. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी राहण्याची सामायिक जागा केलेली असे. तिला 'कूड' म्हणत. आपल्याकडे गिरणगावात एका गावचे लोक एका खोलीत दाटीवाटीने राहत, तसाच हा प्रकार. गावाकडून येताना या माणसांनी आपल्याबरोबर फुटबॉलही आणला. मुंबईच्या फुटबॉलमध्ये गोवेकर नावे इतकी का दिसतात, त्याचे कारण हे आहे.

मुंबईच्या फुटबॉलचे मुख्य ठिकाण म्हणजे कूपरेज मैदान. शहराची मानाची स्पर्धा म्हणजे रोव्हर्स कप. ती १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीची अनेक वर्षे हा चषक गोऱ्या सोल्जरांच्या पलटणीच जिंकत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि पहिल्यांदा हा चषक भारतीयांच्या हाती आला. पुढे १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद पोलिसांच्या संघाने तो उचलला. अशा काळात नेव्हिल मोठा झाला. तो हॉकीही चांगला खेळत असे, पण नाव झाले ते फुटबॉलमध्ये. आधी टाटा स्पोर्ट्स क्लब आणि नंतर कॅलटेक्स अशा दोन संघांतून तो खेळला. त्याचा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला.

१९५४ साली मुंबईच्या संघाने राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे संतोष ट्रॉफी, पहिल्यांदा जिंकली. त्या संघात नेव्हिल होता. हा चषक किती दुर्मीळ आहे पाहा. त्यानंतर महाराष्ट्राला तो फक्त १९६३, १९९० आणि १९९९ या तीन वर्षी मिळाला आहे.

संघाला कंपनीचे नाव का?

टाटा, कॅलटेक्स ही नावे वाचून आजच्या मुलांना वाटेल की या कंपन्यांनी फक्त टी-शर्टवर जाहिरात केली असेल. तसे नव्हते. त्या काळी ऑलिंपिकचा नियम फार कडक होता. खेळण्यासाठी पैसे घेणाऱ्याला ऑलिंपिकमध्ये प्रवेश नसे. खेळाडू हौशी पाहिजे, त्याचे पोट दुसऱ्या कामावर चालले पाहिजे, अशी अट होती. श्रीमंताच्या मुलाला ही अट सोपी. ज्याच्या घरी महिन्याच्या पगाराकडे डोळे लागलेले, त्याने काय करायचे?

यावर आपल्या देशात जो मार्ग निघाला तो नोकरीचा. रेल्वे, पोलीस, सैन्य, बंदर, गिरण्या आणि मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूला कामावर घेत. त्याला महिन्याचा पगार मिळे, सरावासाठी लवकर सुटी मिळे आणि स्पर्धेच्या दिवसांत रजा मिळे. त्या बदल्यात तो कंपनीच्या संघातून खेळे. कंपनीचे नाव वर्तमानपत्रात येई आणि कामगारांना रविवारी आपल्या माणसांचा सामना पाहायला मिळे. नेव्हिलबरोबर भारताकडून खेळलेले पी. के. बॅनर्जी रेल्वेत होते. मुंबईच्या माटुंग्यात वाढलेले गोलरक्षक एस. एस. नारायण हेही टाटा आणि कॅलटेक्स याच संघांतून पुढे आले.

यात कंपनीचा फायदा होता, हे उघड आहे. पण खेळाडूच्या घराचाही होता. गुडघा दुखावला म्हणून महिनाभर मैदानाबाहेर बसावे लागले, तरी घरातली चूल बंद होत नसे. आई-बापांना मुलाला मैदानावर पाठवताना धाकधूक कमी वाटे. खेळात नाव निघाले नाही, तरी नोकरी हातात राही. गरिबाघरचा मुलगा खेळात टिकायचा असेल, तर त्याला सर्वांत आधी एवढा आधार लागतो. कौतुक त्यानंतर.

सेंटर फॉरवर्डचे काम

फुटबॉल न पाहणाऱ्या आमच्या वाचक भगिनींसाठी थोडे सांगतो. एका बाजूचे अकरा खेळाडू. एक गोलरक्षक, काही मागे राहून बचाव करणारे, काही मध्ये चेंडू खेळवणारे, काही पुढे जाऊन हल्ला करणारे. या हल्ला करणाऱ्यांत अगदी मधोमध असतो तो सेंटर फॉरवर्ड. हल्ली त्याला स्ट्रायकर म्हणतात. गोल करणे हे त्याचे मुख्य काम. सामन्याच्या नव्वद मिनिटांत त्याच्या वाट्याला दोन-तीन संधीच येतात आणि त्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जातात. ज्या खेळाडूला चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या आधी कळते आणि जो अशा वेळी गडबडत नाही, तोच या जागेवर टिकतो.

नेव्हिल तसा होता. आणि त्याला तसाच गुरू मिळाला. भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशाने शिक्षक. २०२४ साली आलेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीला कळले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. त्या वेळी आपले काही खेळाडू अनवाणी खेळत. थंडीत, ओल्या मैदानावर, बूट घातलेल्या तगड्या गड्यांपुढे त्यांचे काय होणार? या पराभवानंतर आपल्या खेळाडूंना बूट घालणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी संघाला लहान लहान पास देत, जागा बदलत खेळण्याची सवय लावली. चार वर्षांनी तो संघ मेलबर्नला उतरला, तेव्हा तो वेगळाच संघ होता. कर्णधार होते बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, आणि गोल करण्याची मुख्य जबाबदारी होती मुंबईच्या नेव्हिलवर.

एक डिसेंबर १९५६

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली. त्यामुळे आपला पहिलाच सामना उपांत्यपूर्व फेरीत, तोही यजमान ऑस्ट्रेलियाशी पडला. मैदान त्यांचे, हवा त्यांची, प्रेक्षक त्यांचे.

नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी मिळवून दिली. एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२. दोन देशांचा सामना नसून दोन सेंटर फॉरवर्डचीच झुंज चालली आहे, असे पाहणाऱ्याला वाटले असेल. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसरा गोल मारला. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २.

अशा तऱ्हेने नेव्हिल ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला, आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचला. आशियातील कोणताही संघ त्याआधी ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तिथपर्यंत गेला नव्हता.

४ डिसेंबरला उपांत्य सामना होता, आणि समोर तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत आपल्या मुलांनी त्यांना एकही गोल करू दिला नाही. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला, तो भारताचा. करणारा पुन्हा नेव्हिल. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाने त्याच युगोस्लाव्हियावर १-० अशी आघाडी घेतली होती. ती दोनच मिनिटे टिकली. पुढच्या तेरा मिनिटांत त्यांनी तीन गोल केले आणि चौथा आपल्याच खेळाडूकडून चुकून आपल्या जाळ्यात गेला. १-४ ने सामना गेला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले. भारत चौथा आला.

आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. तीन सामन्यांत भारताचे एकूण पाच गोल झाले. त्यांतले चार नेव्हिलचे. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने तो त्या ऑलिंपिकमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

हेही ध्यानात घ्यावे की सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया या देशांचे खेळाडू कागदावर हौशी होते. नावापुरते सैनिक किंवा कामगार, पण सरकार त्यांच्याकडून वर्षभर खेळच करून घेई. त्या स्पर्धेत पहिले तीन क्रमांक याच तीन देशांनी मिळवले. त्यांच्या खालोखाल आला तो आपला संघ, रेल्वे, पोलीस आणि कंपन्यांत नोकरी करणाऱ्या माणसांचा. आणि जर्मनी? जर्मनीनेही मेलबर्नला आपला हौशी संघ पाठवला होता. तो पहिल्याच फेरीत सोव्हिएत संघाकडून १-२ ने हरून परतला.

तो आठवडा आपल्या घरांत

नेव्हिलचे नाव आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी का आले नाही, असा विचार करताना आमचे लक्ष तारखांकडे गेले. उपांत्य सामना ४ डिसेंबरला झाला. गुरुवारी ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. शुक्रवारी ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या उपस्थितीत त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. कांस्यपदकाचा सामना खेळला गेला तो याच ७ डिसेंबरला. ज्या दिवशी आपली माणसे मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी दादरकडे निघाली होती, त्या दिवशी खेळाच्या बातमीकडे कोण पाहणार? आपल्या समाजाच्या आठवणीत त्या आठवड्याची एकच गोष्ट राहिली, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या आठवड्यातली ही दुसरी गोष्ट मात्र आपल्याला इतक्या वर्षांनी वाचून जाणून घ्यावी लागते.

पुढे काय झाले?

परतल्यावर नेव्हिल पुन्हा मुंबईच्या मैदानांवर कंपनीच्या संघातून खेळू लागला. १९५८ साली कॅलटेक्सच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला, त्या संघात तो होता. पण १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात त्याचे नाव नव्हते. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही तो त्यात नव्हता. सेंटर फॉरवर्डचे आयुष्य असे छोटे असते.

१९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. फुटबॉलमध्ये पहिल्याच वर्षी पी. के. बॅनर्जी यांना तो मिळाला. पुढे तुलसीदास बलराम आणि चुनी गोस्वामी यांना मिळाला. तिघेही खरेच मोठे खेळाडू. पण मेलबर्नच्या हॅट्‌ट्रिकवाल्याला तो पुरस्कार कधीच मिळाला नाही. मार्च १९८० मध्ये नेव्हिलचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

१९६० नंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरलेला नाही. त्यामुळे मेलबर्नचा चौथा क्रमांक हीच आपली ऑलिंपिकमधील सर्वोत्तम कामगिरी राहिली आहे. क्रिकेटमध्ये कोणी एवढे केले असते, तर त्याच्या नावाने स्टेडियम उभे राहिले असते.

जर्मनीचे आघाडीवीरही कामावरचेच

आता मुलांच्या आवडत्या जर्मनीकडे येऊ. तिथले खेळाडू जन्मतःच मोटारी आणि बंगले घेऊन येतात, असा मुलांचा समज असतो. खरे तर जर्मनीत देशपातळीवरची व्यावसायिक लीग, बुंडेसलिगा, सुरू झाली ती १९६३ साली. त्याआधी १९५४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूंनाही क्लबकडून मर्यादितच पैसे मिळत आणि जोडीला काहीतरी काम करावे लागे. उवे सीलर हा त्यांचा फार मोठा सेंटर फॉरवर्ड. हॅम्बुर्ग शहराच्या एकाच क्लबकडून तो आयुष्यभर खेळला. १९६१ साली इटलीच्या इंटर मिलानने त्याला प्रचंड रक्कम देऊ केली, ती त्याने नाकारली. खेळता खेळता तो बूट बनवणाऱ्या एका कंपनीचा विक्रेता म्हणून गाडी घेऊन गावोगाव फिरत असे. जर्मनीसाठी त्याने ७२ सामन्यांत ४३ गोल केले आणि १९५८ ते १९७० या चारही विश्वचषकांत गोल नोंदवले. २०२२ साली तो गेला, तेव्हा सारे हॅम्बुर्ग हळहळले.

आणि अगदी अलीकडचा मिरोस्लाव्ह क्लोजे. आमच्या मते प्रत्येक कामगाराच्या मुलाने त्याची गोष्ट ऐकावी. तो जन्मला पोलंडमध्ये, १९७८ साली. आठ वर्षांचा असताना आई-बापांबरोबर जर्मनीत आला, तेव्हा त्याला जर्मन भाषा जवळजवळ येतच नव्हती. शाळेत खालच्या वर्गात बसावे लागले. वडील फुटबॉलपटू आणि आई पोलंडची हँडबॉलपटू, म्हणजे खेळ रक्तात होता. पण कुठल्या मोठ्या क्लबने त्याला लहानपणी उचलले नाही. त्याने सुतारकाम शिकून घेतले, छपराच्या लाकडी कामाचे रीतसर प्रशिक्षण पूर्ण केले. विसाव्या वर्षापर्यंत तो गावच्या संघातून, देशाच्या सातव्या पातळीच्या स्पर्धेत खेळत होता. आपल्याकडे विसाव्या वर्षी मुलाला सांगतात, "आता पुरे, कामाला लाग."

१९९८ साली तो होम्बुर्ग या छोट्या क्लबकडे गेला, मग कैसरस्लाउटर्नच्या दुसऱ्या फळीच्या संघात. एप्रिल २००० मध्ये बुंडेसलिगातला पहिला सामना खेळला आणि मार्च २००१ मध्ये जर्मनीच्या संघात आला. तिथे पहिल्याच सामन्यात, अल्बानियाविरुद्ध, विजयी गोल केला. २००२ च्या विश्वचषकात पाच गोल, पाचही डोक्याने. २००६ मध्ये पुन्हा पाच, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल केल्याबद्दल सोन्याचा बूट. २०१० मध्ये चार. २०१४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, दोन. ब्राझीलविरुद्धच्या ७-१ अशा उपांत्य सामन्यात त्याने विश्वचषकातला आपला सोळावा गोल केला आणि ब्राझीलच्याच रोनाल्डोचा पंधरा गोलांचा विक्रम मोडला. पाच दिवसांनी जर्मनी जगज्जेता झाला. क्लबसाठी तो ब्रेमेन, बायर्न म्युनिक आणि इटलीत लाझिओकडून खेळला. देशासाठी १३७ सामने आणि ७१ गोल अशी त्याची कामगिरी आहे.

त्याची आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. सप्टेंबर २०१२ मध्ये लाझिओकडून खेळताना त्याने नापोलीविरुद्ध केलेला गोल पंचांनी मान्य केला. चेंडू हाताला लागला होता, हे पंचांच्या लक्षात आले नव्हते. क्लोजेने स्वतः जाऊन पंचांना ते सांगितले. गोल रद्द झाला आणि लाझिओ तो सामना हरला. गोलावर ज्याचे पोट चालते, त्याने असे करणे सोपे नसते.

आपल्या पट्ट्याचे काय?

नेव्हिलला ज्या व्यवस्थेने उभे केले, ती आपल्याकडे हळूहळू आटत गेली. रोव्हर्स कपची शेवटची स्पर्धा २०००-०१ साली झाली. १९६२ मध्ये सुरू झालेला महिंद्राचा मुंबईतील संघ २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता होता. तोही २०१० साली बंद झाला. पुण्यात पुणे एफसी आणि नंतर एफसी पुणे सिटी असे व्यावसायिक संघ निघाले. बालेवाडीच्या मैदानावर त्यांचे सामने होत. हे दोन्हीही संघ आज राहिलेले नाहीत.

ताथवडे २००९ साली महापालिकेत आले. त्यानंतर महामार्गाच्या कडेला कॉलेजे आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. शेते गेली, माळ गेले. सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्या चाकण, पिंपरी, हिंजवडीकडे धावताना दिसतात. पण पाळी संपवून आलेल्या माणसाला आणि शाळेतून आलेल्या पोराला पळायला मोकळी जागा शोधावी लागते. मुले बांधकामाच्या कडेला, वाळूच्या ढिगाशेजारी चेंडू मारतात. कारखाने एवढे, कामगार एवढे आणि कामगारांचे संघ मात्र बोटांवर मोजण्याइतके.

तरीही वाट अगदी बंद झालेली नाही. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू. आपल्या शेजारच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीत तो शिकला. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि पुढे जमशेदपूर, हैदराबाद अशा व्यावसायिक संघांतून उतरला. क्रीडा प्रबोधिनी ही राज्य सरकारची निवासी योजना आहे. मुलांची चाचणी घेऊन निवड होते. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात तिची चौकशी करता येते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांचा रस्ताही तिथूनच जातो. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणून मुलाची प्रमाणपत्रे पहिल्या स्पर्धेपासून जपून ठेवावीत.

आणि हे सर्व मुलींनाही लागू आहे. २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे सामने बालेवाडीत झाले, तेव्हा चीन आणि जपानच्या मुली उपांत्य सामना खेळण्यासाठी आपल्या दाराशी आल्या होत्या. आपल्या मुलीने संध्याकाळी मैदानावर जायचे म्हटले, तर तिला "घरातले काम कोण करणार?" असे विचारण्याआधी थोडे थांबावे.

जाता जाता जर्मनीतील कामगारांची एक हकिकत सांगतो. १९०३ साली लेव्हरकुसेन गावातील बायर या रसायनांच्या कारखान्यातील सुमारे १७० कामगारांनी सह्या करून मालकांकडे अर्ज दिला. आम्हांला खेळासाठी क्लब काढायचा आहे, कंपनीने मदत करावी, एवढीच त्यांची मागणी होती. १९०४ साली क्लब सुरू झाला. पुढे १२० वर्षांनी, २०२३-२४ च्या हंगामात, तोच बायर लेव्हरकुसेन एकही सामना न हरता जर्मनीचा विजेता झाला. फोक्सवॅगनच्या गावचा वोल्फ्सबुर्ग क्लबही असाच, १९४५ साली कारखान्याच्या कामगारांतून निघालेला. २००९ साली तो जर्मनीचा विजेता झाला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला.

तिथल्या कामगारांना जे मागता आले, ते आपल्यालाही मागता येईल. कंपनीतील कामगार प्रतिनिधींनी बोनस आणि कँटीनबरोबर एका संघाचा आणि आठवड्यातून दोन दिवस मैदानाचा विषय मांडावा. वस्तीतील मंडळांनी महापालिकेकडे खेळाच्या मैदानासाठी सह्यांचे निवेदन द्यावे, आणि आरक्षित मैदानावर दुसरे काही उभे राहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. महिला मंडळांनीही त्यावर सह्या कराव्यात, कारण मुले संध्याकाळी कुठे जातात याची काळजी सर्वांत जास्त त्यांनाच असते. एखाद्या रविवारी वस्तीतील संघांचा छोटा सामना भरवावा आणि त्याच्या चषकाला नेव्हिल डिसोझाचे नाव द्यावे. त्या दिवशी मुलांना १ डिसेंबर १९५६ चा सामना मिनिटांसह सांगावा : नववे, तेहतिसावे आणि पन्नासावे.